नलू हो म्हणाली

शाळेच्या पालकसभेत देवसिंगने तो प्रश्न विचारला तेव्हा खोटं बोलायला नलूला भरपूर वाव होता. पोरीला टीबी आहे म्हटलं असतं तरी भागलं असतं. चिंचमाळात टीबीची दोन-तीन घरं होतीच आणि त्यांचं कुणी काही वाकडं केलं नव्हतं. सिकलसेलचं दुखणं आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नलूबाई," देवसिंग घसा खाकरून म्हणाला, "लोक म्हनून राह्यले का तुमच्या उर्वशीले ते दुखनं हाये. मोठं. तेच, एड्सवालं. खरं का खोटं, तेवढं सांगून टाका."

देवसिंग तांड्यातला वजनदार माणूस आणि शाळा समितीचा अध्यक्ष. त्याचा आवाज चढला नव्हता. उलट, आपण फार समजुतीने विचारतो आहोत असाच त्याचा सूर होता. गुरुजींनी खाली मान घातली. बाया पदराआडून एकमेकींकडे बघू लागल्या.

नलू भिंतीला टेकून उभी होती. ती उर्वशीची पालक होती आणि शाळेची खिचडी शिजवणारी बाईसुद्धा. सकाळपासून चुलीपुढे असल्यामुळे तिच्या बोटांना हळद लागलेली होती. तिने ती बोटं लुगड्याला पुसली.

"हो, हाये," ती म्हणाली. "एचआयव्ही म्हनतात त्याले. यवतमाळच्या दवाखान्यातून गोळ्या चालू हायेत. पोरगी खाते, खेळते, दुसरीत शिकते. अजून काही इचाराचं हाये कोनाले?"

सगळे उठले आणि उठताना ज्याने-त्याने आपापलं लेकरू जवळ ओढलं.

ही दोन हजार सातच्या दिवाळीनंतरची गोष्ट. चिंचमाळ हे दारव्हा तालुक्यातलं, बोरी अरबच्या बाजाराला जाणारं-येणारं गाव. एका अंगाला बौद्धांची वस्ती, दुसऱ्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा आणि मधल्या माळावर शाळा. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. तरणी पोरं पुण्याकडे, सुरतेकडे कामाला पांगली होती. नलूचा धाकटा भाऊ राजदीप असाच सुरतेला गेला आणि खंगून परत आला. तो गेला, मागोमाग त्याची बायको दीपा गेली आणि चार वर्षांची उर्वशी आत्याच्या पदरात आली. नलूला स्वतःचं मूल नव्हतं. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली तेव्हा त्याच्या तोंडावर भाकरीचा तवा फेकून ती माहेरी आली होती. तिला घाबरवणं अवघड आहे हे वस्तीला त्या दिवसापासून माहीत होतं.

पोर सारखी आजारी. तोंडात फोड, जुलाब, अंगावर मांस नाही. शेवटी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि तिथल्या समुपदेशक बाईंनी, जिया मॅडमनी, नलूला बाजूला बसवून सगळं सांगितलं. नलूला त्यातलं निम्मं कळलं. कळलं ते एवढंच की आईचं दुखणं लेकराला आलं आहे, औषध फुकट मिळतं आणि ते सकाळ-संध्याकाळ द्यायचं.

तिने ते नेमाने दिलं. गोळी चमचाभर पाण्यात विरघळवायची, पोर तोंड फिरवायची, मग गुळाचा खडा. दोन महिन्यांत पोरीच्या गालावर तेज आलं. ती तुरीच्या काड्या घेऊन कोंबड्यांच्या मागे धावू लागली. नलूने पाहिलं, पोरगी बरी झाली. बरं झालेल्या माणसाला कोण औषध देतं? ताप उतरला की गोळी बंद, हे तर तिला जन्मापासून माहीत होतं. तिने गोळ्या फळीवर ठेवून दिल्या.

पुढच्या महिन्यात पोर पुन्हा आडवी झाली, आधीपेक्षा वाईट. नलू तिला खांद्यावर टाकून यवतमाळला गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती जिया मॅडमवरच भडकली. "तुमचं औषध खोटं हाये! पोरगी बरी झालती, आता पाहा!"

जिया मॅडम तिशीच्या होत्या, नेरच्या एका मिस्तऱ्याची लेक. त्या रागावल्या नाहीत. आपल्या डब्यातली अर्धी पोळी उर्वशीपुढे धरून म्हणाल्या, "नलूताई, तुम्ही कापसाची पऱ्हाटी निंदता ना? एकदा निंदली की तण कायमचं जातं का?"

"ते कसं जाईन? पाऊस झाला का पुन्हा उगवते."

"हे तसंच आहे. जंतू अंगातून जात नाही. औषधाने दबून राहतो. तुम्ही निंदणं थांबवलं, तो वर आला."

ते नलूला पटलं. पुढे कधी तिने गोळी चुकवली नाही. दारव्ह्याची सकाळची एस.टी. फाट्यावर हॉर्न वाजवायची तेव्हा एक आणि वस्तीतल्या विहारात संध्याकाळची वंदना सुरू झाली की दुसरी. एस.टी. उशिरा आली की नलू फाट्याच्या दिशेने शिव्या घालायची. पुढे जिया मॅडमनी सांगितलं, एस.टी.च्या भरवशावर राहू नका, तेव्हा तिने बोरीच्या बाजारातून एक गजराचं घड्याळ आणलं.

तर अशा नलूला देवसिंगने विचारलं आणि ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने रोजच्यासारखी चूल पेटवली. बचत गटातल्या तिच्या जोडीच्या दोघी आल्या नाहीत. तिने एकटीनेच तांदूळ निवडले, डाळ धुतली, भला मोठा गंज चुलीवर चढवला. जेवणाची घंटा झाली. लेकरं सवयीने ताटल्या घेऊन ओळीत बसली आणि नलू वाढायला लागली.

तेवढ्यात तांड्याकडून बिजलीबाई आली. बिजलीबाई म्हणजे देवसिंगची बायको. साठीकडे झुकलेली, हातभर बांगड्या, चालताना सगळं अंग वाजायचं. तिने आपल्या मोठ्या लेकाच्या पोरीच्या हातातली ताटली घेतली आणि खिचडी मातीत उपडी केली.

"कायले सांडते वो अन्न?" नलूने विचारलं.

"माही नात हे नाई खाणार. तुह्या हातचं इख हाये."

"दोन वर्सं खाल्लं ना तिनं हे इख. मेली का?"

पोरीचं मनगट धरून बिजलीबाई निघून गेली. तिच्या मागे एकेक आई येत राहिली. ओळ रिकामी झाली. मधोमध उर्वशी एकटी, पुढ्यात वाफाळती ताटली.

"आत्या, मी जेवू का नको?"

"जेव ना माय. तुले कोनं अडवलं?"

नलूने स्वतःला वाढून घेतलं आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली. तिने ताटली पुसून खाल्ली. ताटावरून भांडण तिच्या घराला नवं नव्हतं. तिच्या आज्याला गावच्या पंगतीतून उठवलं होतं. आज्याने पुन्हा कधी त्या पंगतीत पाय ठेवला नाही आणि छपन्न साली नागपूरला जाऊन तो बौद्ध होऊन आला. नलूने मात्र वेगळं ठरवलं. आपण उठायचं नाही.

ती रोज शिजवत राहिली. गुरुजी हात जोडून म्हणाले, "नलूबाई, काही दिवस घरी राहा, गाव थंड होऊ द्या." नलू म्हणाली, "गाव थंड होईन तं खिचडीबी थंड होईन. मी गरम वाढतो." वस्तीतल्या काही घरांनी, विहारात बरीच बोलाचाली झाल्यावर, लेकरं परत जेवायला पाठवली. तांड्यातलं एक मूल आलं नाही. उरलेली खिचडी नलू वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वाटायची.

महिना गेला असेल. नलू दुपारी घरी तूर पाखडत बसली होती, तेव्हा बांगड्यांचा आवाज आला. दारात बिजलीबाई उभी. पदर नाकापर्यंत ओढलेला.

"आत येऊ का?"

"ये. पर पानी देइन तं पेशीन का? पहिले तेवढं सांग."

बिजलीबाई उंबऱ्याच्या आतच टेकली. पाण्याचं बोललीच नाही. अंगणात खेळणाऱ्या उर्वशीकडे बघत राहिली.

"पोरगी धष्टपुष्ट झाली तुही," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"त्या गोळ्यातल्या थोड्या मले दे. कोनाले सांगू नको."

नलूच्या हातातलं सूप थांबलं. बिजलीबाईचा आवाज फुटला आणि मग तो थांबेना. धाकटी सून चंदा, गुलाबसिंगची बायको, पोटुशी होती. दिवस भरत आले होते. दारव्ह्याच्या दवाखान्यात नाव घालताना रक्त तपासलं, त्यात ते निघालं. गुलाबसिंग पुण्याकडे बांधकामावर. दवाखान्यातल्या बाईने यवतमाळला जा, नवऱ्यालाही घेऊन या, असं सांगितलं. बिजलीबाईने सुनेला दटावलं होतं, घरात तोंड उघडायचं नाही. सासऱ्याला कळलं तर तांड्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आज ना उद्या लेकरू होणार, आणि तेही तसंच होणार, कारण आईचं नि पोटातल्याचं रक्त एकच. म्हणून ती आली होती. लेकरू झाल्याबरोबर त्याला उर्वशीच्या गोळीतली थोडी थोडी चाटवली तर?

नलू ऐकत होती. तिच्या डोळ्यांपुढे मातीत उपडी झालेली ताटली होती.

"माह्या हातचं इख हाये म्हने."

बिजलीबाईने पदर आणखी खाली ओढला.

"ह्या गोळ्या उर्वशीच्या वजनाच्या हायेत. दुसऱ्याले देता येत नाई. अन् तुले पाहिजेच असंन काही, तं पहिले उद्या तुही नात शाळेत जेवाले बसव. सगळ्या तांड्यादेखत. मंग बोलू."

बिजलीबाई उठली. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. "जाऊ दे," ती म्हणाली आणि बांगड्या आवरत निघून गेली.

त्या दिवशी संध्याकाळी नलूने उर्वशीची गोळी पाण्यात टाकली आणि ती विरघळेपर्यंत चमच्याकडे बघत राहिली. तिला दीपा आठवली. दीपाचं बाळंतपण याच खोलीत झालं होतं. नलूनेच तिचा हात धरला होता, वस्तीतल्या सुईणीने नाळ कापली होती आणि सगळ्यांनी गूळ वाटला होता. कुणाला काही माहीत नव्हतं. कुणी तपासलं नव्हतं. जिया मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, आधी कळलं असतं तर उर्वशीला वाचवता आलं असतं. ते वाक्य नलूने त्या दिवसापासून कुणाजवळ काढलं नव्हतं. आज ते तिला सोडेना. इथे आधी कळलं होतं. अन् आपण काय केलं? आपण सौदा मांडला.

दुसऱ्या दिवशी खिचडी वाढून झाली की तांड्यावर जायचं तिने ठरवलं. पण तिला जावं लागलं नाही.

ती गंजात सराटा फिरवत असताना चंदा आली. बावीस-तेवीस वर्षांची पोर, पोट पुढे, एक हात कमरेवर. तांड्यापासून शाळेपर्यंत भर उन्हात, सगळ्यांच्या दारांपुढून चालत आली होती. चुलीजवळच्या पोत्यावर बसली, दम घेतला आणि म्हणाली, "बाई, मले एक ताटली वाढ."

"तुही सासू..."

"सासू वावरात गेली कापूस वेचाले. मले भूक लागली."

नलूने वाढलं. चंदा जेवली. तांड्यातल्या दोघी-तिघी कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. चंदाने त्यांच्याकडे बघत बघतच ताटली संपवली आणि पुन्हा पुढे केली.

"अजून?"

"दोघं हावो ना आम्ही," चंदा म्हणाली. मग खाली बघून हळू आवाजात विचारलं, "बाई, हे पोटातलं... हे वाचते का? खरं सांग. खोटा धीर देऊ नको."

"मले पुरतं माईत नाई," नलू म्हणाली. "वाचते असं मी आयकलं. कसं, ते जिया मॅडम सांगतीन. उद्या जाऊ आपन."

"कोनी पाह्यलं तं?"

"पाहू दे. मी तं दर महिन्याले जातो, मले सगळेच पाह्यतात. तू फक्त माह्या बाजूले बस."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर त्या दोघी एस.टी.ची वाट बघत होत्या, तर मागून बांगड्या वाजत आल्या. बिजलीबाई. गाडी आली तेव्हा तिने सुनेचा दंड धरून तिला वर चढवलं आणि स्वतः नलूच्या शेजारी बसली. पदर नाकावरच होता, पण ती आली होती.

जिया मॅडमनी तिघींना समोर बसवलं. "आईचं आणि बाळाचं रक्त पोटात वेगवेगळंच असतं," त्या म्हणाल्या. "बाळाला लागण होते ती जास्त करून बाळंतपणाच्या वेळी, नाहीतर दुधातून. काहीच केलं नाही तरी सगळ्या बाळांना होत नाही. औषध घेतलं तर धोका आणखी पुष्कळ कमी होतो. अजिबात होणार नाही अशी हमी मी देणार नाही. पण आज तुमच्या हातात पुष्कळ आहे." त्यांनी चंदाला एक गोळी दिली. कळा सुरू झाल्या की ती घ्यायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. बाळाला औषध दवाखान्यात, जन्मल्यावर लगेच मिळेल. घरी बाळंतपण करायचं नाही.

"एवढंच?" बिजलीबाईने विचारलं.

"एवढंच, आजी."

बिजलीबाईने पहिल्यांदा नाकावरचा पदर खाली केला. "अन् ताटातून लागत नाई म्हनता?"

"ताटातून, पाण्यातून, कडेवर घेतल्याने, काही नाही."

त्यावर बिजलीबाई नलूकडे बघेल असं वाटलं होतं. तिने खिडकीबाहेर बघितलं. परतताना एस.टी.त मात्र तिने आपल्या फडक्यातली भाकर सोडली, तिचे तीन तुकडे केले आणि मधला मोठा तुकडा नलूच्या हातावर ठेवला.

संक्रांत झाली. बोरीच्या बाजारचा दिवस होता. नलू खिचडी वाढत असतानाच तांड्यातली एक पोरगी धावत आली. चंदाच्या कळा सुरू झाल्या होत्या. नलूने सराटा गुरुजींच्या हातात दिला, "आज तुमी वाढा," आणि फाट्याकडे पळाली. बाजाराला निघालेली एक जीप तिने आडवी होऊन थांबवली, आतल्या माणसांना खाली उतरवलं आणि जीप तांड्यात नेली.

देवसिंग तांड्याच्या तोंडाशीच उभा होता. त्याच्यामागे पाच-सहा माणसं. झोपडीत सुईण येऊन बसली होती, पाणी तापत होतं.

"जीप कायले आनली?" त्याने विचारलं.

"चंदाले दवाखान्यात न्यायचं हाये."

"आमच्या घरात सगळी लेकरं घरीच झाली. अन् तुह्यासंगं तं माही सून जानारच नाई. तिनं शाळेत जाऊन तुह्या हातचं खाल्लं, मी गप राह्यलो. आता गप राहनार नाई. जीप मांगं ने."

"मी जीप मांगं नेत नसतो," नलू म्हणाली. "हटा."

"बाई, माह्या तांड्यात उभी राहून मले हट म्हनते?"

"म्हनतो. मोठ्यानं म्हनू का?"

दोन माणसं पुढे सरली. जीपवाल्याने इंजिन बंद केलं. तेवढ्यात झोपडीच्या दारात चंदा आली. एका हाताने चौकट धरलेली, दुसरा हात बिजलीबाईच्या खांद्यावर. केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"बापू," ती सासऱ्याला म्हणाली, "मलेबी तेच हाये."

देवसिंगला कळलंच नाही. "काय हाये?"

"उर्वशीले जे हाये ते. तुमच्या पोरानं आनलं पुन्याहून. त्याले ठाऊक हाये का नाई, मले नाई माईत. गोळी घेतली मी आत्ताच. आता लेकरू दवाखान्यात झालं तं वाचन. तुमाले आडवं यायचं असन तं या. मी तुमाले ओलांडून जातो."

देवसिंगने बायकोकडे पाहिलं. "तुले माईत होतं?"

"होतं," बिजलीबाई म्हणाली. "तुमच्या धाकानं मी सुनेच्या तोंडाले कुलूप लावलं. नलूच्या हातची खिचडी मातीत पालथी केली, अन् हे घरात ठेवून केली. आता बस्स झालं. सरका."

त्याने वाट दिली नाही आणि अडवलंही नाही. नुसता उभा राहिला. बिजलीबाईने सुनेला त्याच्या बाजूने पुढे नेलं, जीपमध्ये बसवलं आणि वर चढताना मागच्या बायांना आपल्या बोलीत काहीतरी कडक सुनावलं. नलूला त्यातला 'याडी' एवढाच शब्द कळला, म्हणजे आई. जीप निघाली.

यवतमाळच्या दवाखान्यात मुलगी झाली. किडकिडीत, पण आवाज दणदणीत. बाळाच्या तोंडात औषधाचे थेंब घातले तेव्हा बिजलीबाई नर्सच्या खांद्यावरून बघत होती, एकही थेंब बाहेर सांडू नये म्हणून.

मग दुधावरून दोघींची जुंपली. नलू म्हणत होती, आईचं दूध पाजूच नको, उर्वशीला दुधातूनच लागलं असेल, बाहेरचं द्या. बिजलीबाई म्हणत होती, आईचंही द्या, बकरीचंही द्या, मध चाटवा, घुटी द्या, पोर तगली पाहिजे. व्हरांड्यात दोघींचे आवाज इतके चढले की जिया मॅडम धावत आल्या.

"दोघी चुकताय," त्या म्हणाल्या. "घरात रोज उकळलेलं पाणी, धुतलेली वाटी आणि पुरेसं दूध मिळेल याची खात्री आहे?" कुणी हो म्हणालं नाही. "मग बाहेरच्या दुधाने जुलाब होऊन पोर जाईल. सहा महिने फक्त आईचं दूध. वर काही नाही. मध नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे थोडं हे, थोडं ते. त्याने पोट सोलवटतं आणि जंतूला वाट मिळते."

नलू ओशाळली. आपल्याला सगळं कळतं असं तिला अलीकडे वाटू लागलं होतं. "बरं झालं, इचारलं," ती पुटपुटली.

बिजलीबाईने ते सहा महिने पहारा ठेवला. तांड्यातल्या म्हाताऱ्या बोटावर मध घेऊन यायच्या. बिजलीबाई दारात बसून सांगायची, "माह्या नातीच्या तोंडात बोट घातलं तं बोट घरी न्याले उरनार नाई." तिच्या जिभेला सगळेच भीत. गुलाबसिंगला तिने निरोपांवर निरोप धाडून बोलावून घेतलं आणि कानाला धरून यवतमाळला नेलं. त्याचंही रक्त तसंच निघालं. तो व्हरांड्यात बसून रडला. चंदा त्याच्याजवळ बसली नाही, पण त्याचं औषध सुरू होईपर्यंत ती रांगेत त्याच्यामागे उभी राहिली.

गाव काही बदलून गेलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खिचडीचं काम दुसऱ्या गटाला दिलेलं होतं. कारण विचारलं तर गुरुजी म्हणाले, वरून आलं. नलू भांडली, पंचायत समितीत जाऊन आली, काही झालं नाही. ती परत निंदायला, वेचायला जाऊ लागली. पण जेवणाच्या सुट्टीला वावरातून उठून शाळेत यायची आणि उर्वशी ओळीच्या मधोमध बसली आहे ना, हे बघून जायची. एकदा नव्या बाईने उर्वशीला शेवटी बसवलं. नलूने काही न बोलता उर्वशीला उचललं, मधे बसवलं आणि स्वतः पाठीमागे उभी राहिली. "वाढ," ती म्हणाली. बाईने वाढलं. तांड्यातली काही लेकरं आता यायची, काही यायची नाहीत. बिजलीबाईची नात यायची आणि दोन ताटल्या खायची.

देवसिंगने या सगळ्यात एक शब्द काढला नाही. नलू समोरून आली की तो वाट बदलायचा. नवी नात त्याच्या खाटेखाली रांगायची, त्याच्या धोतराला धरून उभी राहायची. पण त्याने तिला कधी उचललं नाही. उचलायला वाकायचा आणि मधेच हात मागे घ्यायचा. बिजलीबाई बघायची आणि दात आवळायची.

पोर दीड वर्षाची झाली की शेवटची तपासणी, असं जिया मॅडमनी सांगितलं होतं. त्या दिवशी तिघी पुन्हा एस.टी.त बसल्या. पोर सगळी वाट नलूच्या मांडीवर नाचत होती. रक्त घेताना तिने दवाखाना डोक्यावर घेतला. मग बाहेर बाकावर बसून वाट बघणं आलं. चंदाने नखं खाल्ली. नलू काही बोलायला गेली की बिजलीबाई तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला गप्प करायची.

जिया मॅडम दारात आल्या तेव्हा त्या हसत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "बाळाला नाही."

चंदा ओरडली नाही. तिने पोरीचं डोकं छातीशी घट्ट दाबलं, इतकं की पोर चिडून रडायला लागली. नलूला आनंद झाला आणि त्याच वेळी दीपाची इतकी आठवण आली की तिने नळावर जाऊन तोंड धुतलं. परत आली तेव्हा चंदाने पोर तिच्या हातात दिली. "घे," एवढंच म्हणाली.

फाट्यावर उतरून त्या तांड्याकडे चालू लागल्या तेव्हा उन्हं कलली होती. देवसिंग तांड्याच्या तोंडाशी लिंबाखालच्या खाटेवर बसला होता. दुपारपासून तिथेच असावा, पायाशी विड्यांची थोटकं पडली होती. त्यांना बघून तो उठला. नलूकडे बघणं टाळून बायकोला म्हणाला, "काय निंगालं?"

बिजलीबाईने सुनेच्या कडेवरची पोर घेतली आणि त्याच्यापुढे धरली.

"नातीले मांडीवर घ्या."

"काय निंगालं ते सांग ना पहिले."

"पहिले मांडीवर घ्या. मंग सांगतो."

"अवं पर..."

"काही निंगालं असलं तरी नात तुमचीच हाये. घेता का नाई?"

आजूबाजूच्या दारांतून माणसं बाहेर आली होती. देवसिंगने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा चंदाकडे. चंदा मान खाली न घालता त्याच्याकडे सरळ बघत होती. तो खाली बसला. त्याने हात पुढे केले. बिजलीबाईने पोर त्याच्या मांडीवर ठेवली आणि पोरीने लगेच त्याच्या पांढऱ्या मिशीला हात घातला.

"आता सांग," तो म्हणाला.

बिजलीबाईने खाटेच्या दुसऱ्या टोकाला बैठक मारली आणि शेजारची जागा हाताने झटकून नलूला बसायची खूण केली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "दीड वर्स आमी थांबलो. तुमीबी थोडं थांबा."